कुरुपाला मूळ असतं का?

प्रश्न : उजव्या पायाच्या करंगळीवर वर्षभर कुरूप आहे. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं. संध्याकाळी पाय टेकवत नाही. मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावली की पांढरी कातडी निघते आणि महिन्याभरात पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, मूळ आत राहतं, बिब्बा घाल. घालू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बिब्बा मुळीच घालू नका. बिब्ब्याचं तेल निरोगी कातडीही भाजून काढतं; फोड येतात, काहींच्या अंगभर पुरळ उठतं.

आता मुळाविषयी. कुरुपाला मूळ नसतं. आतून हाड आणि बाहेरून पादत्राण असा एकाच जागी दाब पडत राहिला की बचावासाठी कातडी जाड होते. दाब एका बिंदूवर असल्यानं ती आत पाचरीसारखी टोकदार होते. कॅप निघाल्यावर मधोमध दिसणारा कडक दाणा म्हणजे हेच टोक. ते मज्जातंतूंवर दाबतं, म्हणून कळ जाते. दाणा काढला तरी सँडल तीच राहिली, तर कुरूप परत येणारच.

तेव्हा आधी सँडल तपासा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभ्या राहा आणि कोणाकडून तरी पावलाभोवती पेन्सिल फिरवून घ्या. त्या आकृतीवर सँडल ठेवा. करंगळीची रेघ बाहेर डोकावत असेल, तर चोर सापडला! दुरुस्तीवाल्याकडून साच्यावर ताणून घेतली तर थोडा फरक पडतो, पण चामडं असेल तरच. रेक्झिन ताणत नाही. नवीन घ्याल ती पुढून रुंद घ्या, आणि संध्याकाळीच घ्या. तोवर मधे भोक असलेली गोल गादी कुरुपाभोवती चिकटवा, म्हणजे दाब कडेवर जाईल.

रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा आणि वज्री हलक्या हातानं फिरवा. एका बैठकीत सगळं काढायचा हट्ट नको. आग होऊ लागली की थांबा, पाय कोरडा करून युरियाचं क्रीम लावा. ब्लेडनं तासणं मात्र साफ बंद.

कॉर्न कॅपमध्ये बहुधा ४० टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. त्याला कुरूप कोणतं आणि चांगली कातडी कोणती हे कळत नाही. चकती कुरुपापुरतीच बसवा, कडेनं व्हॅसलीन लावा. मधुमेह असेल किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असेल, तर कॅपही नको आणि वज्रीही नको. बधिर पायाला जखम झाल्याचं समजत नाही. थेट डॉक्टरांकडे जा. लाली, पू किंवा सूज दिसली तर इतरांनीही तेच करावं.

बोटांच्या बेचक्यात पांढरं, ओलसर कुरूपही होतं. पावसाळ्यात त्याला चिखल्या समजून मलमं लावली जातात. तळव्यावर असेल, तर चामखीळ नाही ना, हे पाहा. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. तिच्यात काळे ठिपकेही दिसतात. ती संसर्गानं पसरते, तिच्यावर वज्री फिरवू नका. आणि घरात एकच वज्री सगळ्यांची असेल, तर आजपासून तुमची वेगळी ठेवा.