डाव्या पट्टीतले फोल्डर काढण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि घरोघरचे जुने लॅपटॉप पेचात सापडले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो. यंत्र ठणठणीत, पण या अटींत न बसणारे. अशा वेळी घरातला एखादा भाचा किंवा पुतण्या रविवारी येतो आणि लिनक्स टाकून देतो. कोथरूडमधल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आले ते असेच. पुढे जे घडले ते त्यांनी स्वतःहून सांगितले. इतरांना उपयोग होईल म्हणून लिहा, नाव मात्र नको, एवढीच त्यांची अट.

त्यांना मोडी वाचनाचा नाद आहे. जुन्या घराण्यांकडची दप्तरे पाहायची, परवानगी घेऊन कागदांचे फोटो काढायचे आणि सवडीने त्यांचे देवनागरी लिप्यंतर करायचे, हे त्यांचे निवृत्तीनंतरचे काम. फोटो ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये आणि लिप्यंतरे वेगळ्या फोल्डरमध्ये, अशी शिस्तही होती. फाईल मॅनेजर उघडला की डावीकडच्या पट्टीत मात्र ‘म्युझिक’, ‘व्हिडिओज’ अशी नको असलेली नावे आधी दिसत. त्यांच्या जागी आपली रोजची फोल्डर असावीत, असे त्यांना वाटले. यात गैर काहीच नव्हते.

त्यांनी ‘म्युझिक’वर उजवे क्लिक केले. पट्टीतून काढण्याचा पर्याय तिथे नव्हता. म्हणून त्यांनी होम फोल्डरमध्ये जाऊन मूळ फोल्डरच काढून टाकले: म्युझिक, व्हिडिओज, पब्लिक, टेम्प्लेट्स आणि त्याच ओघात ‘डेस्कटॉप’. सगळी रिकामी होती. संगणकाने कुठे अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी लॉगिन केल्यावर पडद्यावर पसारा मांडलेला दिसला. पिक्चर्स, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, लिप्यंतरे, सगळे काही डेस्कटॉपवर. या जादा प्रती कशा तयार झाल्या, असा विचार करत त्यांनी त्यातले ‘पिक्चर्स’ उचलून कचरापेटीत टाकले आणि पेटीही रिकामी केली. त्या प्रती नव्हत्या. ते खुद्द मूळ फोल्डर होते.

फोटो गेल्याचे काही दिवसांनी लक्षात आले, तोवर फार उशीर झाला होता. लॅपटॉपमध्ये एसएसडी होती. उबुंटू साधारण आठवड्यातून एकदा एसएसडीवरच्या मोकळ्या झालेल्या जागा आपोआप साफ करते, त्याला ‘ट्रिम’ म्हणतात. ट्रिम झाल्यावर पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते. काही फोटो फोनमध्ये होते, काही स्नेह्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये सापडले. उरलेल्यांसाठी पुन्हा त्या त्या घरी जावे लागणार आहे. दप्तर अजून त्याच घरात असेल आणि घरातली पुढची पिढी ते पुन्हा उघडून देईल, याची खात्री नाही.

हे नेमके का घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. लिनक्सवरच्या बहुतेक डेस्कटॉपांमध्ये नेहमीच्या फोल्डरांची नोंद एका साध्या मजकूर-फाईलमध्ये असते. होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबले की लपलेली फोल्डर दिसतात. त्यातल्या ‘डॉट-कॉन्फिग’मध्ये ‘यूजर-डर्स डॉट डर्स’ नावाची ही फाईल सापडते. रेड हॅट या लिनक्स कंपनीतले अलेक्झांडर लार्सन यांनी २००७ साली ही व्यवस्था मांडली. डेस्कटॉप कुठे, डॉक्युमेंट्स कुठे, चित्रे कुठे, हे प्रत्येक ओळीत एकेक लिहिलेले असते. दर लॉगिनला एक छोटा प्रोग्राम ही यादी तपासतो. यादीतले एखादे फोल्डर जागेवर नसेल, तर तो ते नव्याने तयार करत नाही. त्या नोंदीपुढे थेट होम फोल्डरचा पत्ता लिहितो. ‘म्युझिक’च्या बाबतीत याचा परिणाम एवढाच, की डाव्या पट्टीतून ते नाव जाते. ‘डेस्कटॉप’च्या बाबतीत मात्र सगळे होम फोल्डरच पडद्यावर उघडे पडते आणि तिथे केलेली प्रत्येक झाडझूड मूळ फाईलींवर होते.

डाव्या पट्टीत दिसायला सारख्या, पण स्वभावाने वेगळ्या नोंदी शेजारीशेजारी असतात. पहिला प्रकार बुकमार्कचा. तो म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी फाडली तरी घर जागेवर राहते. दुसरा प्रकार प्रणालीच्या खास फोल्डरांचा. त्यांच्यावर इतर प्रोग्राम विसंबून असतात. ब्राउझर डाउनलोड कुठे टाकणार, स्क्रीनशॉट कुठे साठणार, हे त्यांवरून ठरते. तिसरा प्रकार पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, नेटवर्कवरचा दुसरा संगणक, क्लाउड यांचा. ही ठिकाणे कधी असतात, कधी नसतात. आपण हात लावतो आहोत ती नोंद यांपैकी कोणत्या प्रकारची, हे कळले की बहुतेक अपघात टळतात.

उबुंटूच्या फाईल मॅनेजरमध्ये आपले फोल्डर पट्टीत आणणे अगदी सोपे आहे. ते फोल्डर उघडून कंट्रोल आणि डी दाबावे. काढताना पट्टीतल्या नावावर उजवे क्लिक करून ‘बुकमार्क काढा’ या अर्थाचा पर्याय निवडावा. बुकमार्कचे नाव बदलले तरी मूळ फोल्डरचे नाव बदलत नाही, त्यामुळे ‘लिप्यंतरे, अंतिम’ असे सोयीचे नाव बिनधास्त द्यावे. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाईल मॅनेजरमध्ये याच पट्टीला ‘प्लेसेस’ म्हणतात.

नको असलेली खास फोल्डर पट्टीतून काढण्याची सोय उबुंटूच्या ग्नोम या डेस्कटॉपने सप्टेंबर २०२४च्या ४७व्या आवृत्तीत दिली. उबुंटू २४.०४मध्ये त्याआधीची, म्हणजे ४६वी आवृत्ती आहे. ज्यांच्याकडे ती आहे, त्यांनी फोल्डर पुसण्याऐवजी ‘यूजर-डर्स डॉट डर्स’ची आधी एक प्रत काढून ठेवावी. मग ती फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ‘म्युझिक’ किंवा ‘व्हिडिओज’च्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत फक्त होम फोल्डरचा पत्ता ठेवावा आणि पुन्हा लॉगिन करावे. नाव पट्टीतून जाते, फोल्डर सुरक्षित राहते. डेस्कटॉपच्या ओळीला मात्र हात लावू नये.

ज्यांचा डेस्कटॉप आधीच असा बिघडला आहे, त्यांनी पडद्यावरची एकही वस्तू हलवू नये. होममध्ये ‘डेस्कटॉप’ फोल्डर पुन्हा तयार करावे, वरच्या फाईलमध्ये त्याची ओळ पूर्ववत लिहावी, लॉगआउट करून परत आत यावे. काही पुसले गेले असेल तर आधी कचरापेटी पाहावी. तिथे नसेल तर संगणक ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावा. चालू ठेवलेला प्रत्येक तास नुकसान वाढवतो.

मराठीतून संगणक वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रणालीची भाषा इंग्रजीवरून मराठी केली, की पुढच्या लॉगिनला एक चौकट विचारते: नेहमीच्या फोल्डरांची नावेही नव्या भाषेत करायची का? ‘हो’ म्हटले की मराठी नावांची फोल्डर तयार होतात आणि डावी पट्टी त्यांच्याकडे वळते. जुन्या इंग्रजी नावाच्या फोल्डरांतला मजकूर मात्र तिकडे आपोआप जात नाही. चौकटीत तशी सूचना असते, पण घाईत ती वाचली जात नाही. मग रिकामे फोल्डर पाहून आयुष्यभराचे काम गेले असे वाटते, प्रत्यक्षात ते होममध्येच जुन्या नावाखाली शाबूत असते. आधीच काम साठलेले असेल तर जुनी नावे ठेवावीत. भाषा मराठी आणि फोल्डरांची नावे जुनी, असे सुखाने चालते.

देवनागरी नावांना घाबरण्याचे कारण नाही. बुकमार्कच्या फाईलमध्ये पत्ते सांकेतिक रूपात लिहिले जातात. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटसाठी तीन खुणा लागतात. ‘पुणे’ या नावात प, उकार, ण आणि मात्रा मिळून चार चिन्हे आहेत, म्हणजे त्या फाईलमध्ये छत्तीस खुणांची लांबलचक ओळ दिसते. ती बिघडलेली समजून कोणी पुसू नये.

फोल्डर ओढून पट्टीत टाकतानाही जपावे लागते. दोन नावांच्या मधल्या फटीत सोडले तर नवी नोंद होते. एखाद्या नावाच्या वर सोडले तर फोल्डर उचलून त्या ठिकाणी जाऊन बसते. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे हा धोका आहे. हात सुटलाच तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे, मॅकवर कमांड आणि झेड. त्यापेक्षा ओढण्याचा मार्गच टाळून मेनूतला पर्याय वापरावा.

विंडोजमध्ये ही पट्टी २०१५ साली, विंडोज १०बरोबर ‘क्विक ॲक्सेस’ या नावाने आली. तिथे ‘अनपिन’ म्हणजे फक्त नोंद काढणे आणि ‘डिलीट’ म्हणजे मूळ वस्तू पुसणे. अलीकडे उघडलेल्या फाईलींच्या यादीत नोंद काढण्याचा आणि फाईल पुसण्याचा असे दोन्ही पर्याय एकाच मेनूत येतात, म्हणून तिथे वाचूनच क्लिक करावे. आणि फोल्डर नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावर असेल, तर डिलीट केलेली वस्तू सहसा आपल्या रिसायकल बिनमध्ये येतच नाही.

सदाशिव आणि नारायण पेठेत अक्षरजुळणी करणाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यायला हवे, कारण त्यांच्याकडे एकाच कामावर दोन-तीन संगणक जोडलेले असतात. सी ड्राइव्ह भरला की डॉक्युमेंट्स फोल्डर डी ड्राइव्हवर हलवण्याचा मोह होतो. प्रॉपर्टीजमधल्या ‘लोकेशन’मधून ते करता येते, पण तिथे नुसता डी ड्राइव्ह निवडू नये. तसे केले तर आख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स म्हणून वागू लागतो आणि ते पूर्ववत करणे फार जिकिरीचे होते. आधी डी ड्राइव्हमध्ये वेगळे फोल्डर करावे आणि तेच निवडावे. शिवाय इनडिझाइनमधली पाने चित्रांचे पत्ते धरून ठेवतात. चित्रांचे फोल्डर हलले, की ऐन दिवाळी अंकाच्या धांदलीत लिंक्सच्या चौकटीत लाल प्रश्नचिन्हे उभी राहतात. फोल्डर हलवण्याआधी चालू कामाचे ‘पॅकेज’ करून घ्यावे. त्यात पाने, चित्रे आणि वापरता येण्याजोगे फॉन्ट एकत्र गोळा होतात.

बाहेरच्या डिस्कवर डॉक्युमेंट्स ठेवणाऱ्या लिनक्स वापरणाऱ्यांनाही अशीच काळजी घ्यावी लागते. लॉगिनच्या क्षणी डिस्क जोडलेली नसेल, तर तपासणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ते फोल्डर अस्तित्वातच नसते आणि नोंद होमकडे वळते. डिस्क लॉगिनआधी जोडली जाईल अशी व्यवस्था करावी. नाहीतर खास फोल्डर मूळ जागीच राहू द्यावे आणि डिस्कवरच्या फोल्डरचा बुकमार्क ठेवावा.

या सगळ्याच्या मुळाशी प्रतींचा प्रश्न आहे. छायाचित्रकारांनी रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसऱ्या ठिकाणची प्रत कशाला, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, आणि २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने पुन्हा घरे धुऊन नेली. वनड्राइव्हवर फुकट मिळणारी ५ जीबी जागा मोडी दप्तरांच्या फोटोंना पुरत नाही. साधी बाहेरची हार्डडिस्क घेऊन ती बहिणीच्या किंवा मित्राच्या घरी ठेवणे बरे.

लिनक्सबद्दल मनात अढी धरण्याचे मात्र कारण नाही. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातल्या लोकांनी लोहित फॉन्टची वर्षानुवर्षे निगा राखली, त्यातून लिनक्सवर मराठी नीट दिसू लागली. पुणे ग्नू/लिनक्स यूजर्स ग्रुप, म्हणजे ‘प्लग’, नवख्यांच्या शंका सोडवत आला आहे. कोथरूडचे ते गृहस्थही आज उबुंटूच वापरतात. पट्टीत त्यांच्या दोन फोल्डरांचे बुकमार्क आहेत आणि फोटोंची दुसरी प्रत मुलीकडे असते.

वडीलधाऱ्यांना लिनक्स टाकून देणाऱ्या तरुणांना एवढीच विनंती. लॅपटॉप हातात देण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसा, त्यांची रोजची फोल्डर डाव्या पट्टीत लावून द्या, नोंद काढणे आणि फोल्डर पुसणे यांतला फरक त्यांच्याच हाताने करून दाखवा आणि पहिली प्रत हार्डडिस्कवर उतरवूनच उठा.