उसनी वाहिनी

मोबाईलवर बोलताना आपला आवाज रेडिओ लहरींवरून जवळच्या मनोऱ्याकडे जातो. त्यासाठी एक वाहिनी, म्हणजे चॅनेल लागते. जीएसएम पद्धतीच्या मूळच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात अशा १२४ च वाहिन्या बसतात, आणि एकीवर वेळ वाटून घेऊन ८ जण बोलतात. मग सबंध शहराचे भागते कसे?

यावरची युक्ती १९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या डी. एच. रिंग यांनी मांडली. गावाचे लहान लहान भाग करायचे. त्यांना सेल म्हणतात. एका सेलची वाहिनी शेजारी वापरायची नाही, पण पुरेशा अंतरावर पुन्हा वापरायची. वहीत मधमाशांच्या पोळ्यासारखे षट्कोन काढा आणि सात रंगांनी अशा बेताने रंगवा, की एकाच रंगाचे षट्कोन सगळीकडे सारख्याच अंतरावर येतील. रंग म्हणजे वाहिन्यांचा गट. १२४ भागिले ७, म्हणजे एका सेलला जेमतेम १७!

हे वाटप कायमचे ठरवून टाकले तर जत्रेच्या दिवशी एका सेलमध्ये फोन लागेनासे होतात, त्यात दवाखान्याला फोन करणाराही असू शकतो. आणि शेजारच्या सेलमध्ये वाहिन्या रिकाम्या पडून असतात. म्हणून संगणकाने त्या त्या वेळी उसनवारी घडवून आणायची, हेच स्वयंचलित वाटप. डेक्ट पद्धतीच्या बिनतारी फोनमध्ये तर फोन स्वतःच कानोसा घेऊन शांत वाहिनी निवडतो.

पण उसनवारी फुकट नसते. लाल सेलची वाहिनी निळ्या शेजाऱ्याने घेतली, की तिचा वापर दुसऱ्या काही लाल सेलच्या जवळ सरकतो. तुमच्या आकृतीत मोजा. देणारा धरून तीन लाल सेलना ती वाहिनी बंद ठेवावी लागेल. म्हणूनच सगळीकडे सारखीच गर्दी उसळली, तर जुने ठरावीक वाटपच सरस ठरते. आम्हाला या विषयातली सर्वांत गमतीची गोष्ट हीच वाटते.

आणखी एक. बोलता बोलता बस पुढच्या सेलमध्ये शिरली, तर तिथे वाहिनी हवी. नवा फोन न लागण्यापेक्षा चालू बोलणे तुटणे माणसाला अधिक जाचते, म्हणून अशा पाहुण्यांसाठी काही वाहिन्या राखून ठेवता येतात. त्या किती ठेवायच्या, हे गर्दी पाहून ठरते.