आसामचा बोरा तांदूळ : द्रव्यगुणदृष्ट्या विचार

षष्टिकशाली पिंडस्वेदासाठी नवरा उपलब्ध नसल्यास चिकट तांदूळ वापरावा काय, अशी पृच्छा होत असते. षष्टिक दुधात व बलामूल क्वाथात शिजवला की लगदा चिकट होतो. म्हणून जातीनेच चिकट असलेला तांदूळ अधिक गुणकारी, असा त्यामागील तर्क. आसामच्या बोरा तांदळाच्या आधारे तो तपासणे इष्ट ठरेल.

ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात बोरा पावसाळ्यात लावतात व हेमंतात कापतात. तो वाफवून दही-गुळासह जलपानात घेतात. माघ बिहूला त्याच्या पिठाचा तीळपिठा होतो. भिजवलेला तांदूळ बांबूच्या नळीत भरून विस्तवावर भाजला की ‘सुंगा साउल’ तयार होतो. (तीळ, गूळ व शिशिर यांचा हा मेळ आपल्या संक्रांतीची आठवण करून देतो.)

चिकटपणाचे कारण पिष्टात आहे. नेहमीच्या तांदळात अमायलोज व अमायलोपेक्टिन हे दोन्ही घटक असतात. बोरामध्ये अमायलोज जवळजवळ नसतेच. आपला आंबेमोहोर शिजल्यावर मऊ व किंचित चिकट होतो, तरी तो या वर्गातला नव्हे. इंग्रजीतील ‘ग्लुटिनस’ या नावामुळे यात ग्लुटेन असल्याचा समज होतो, तो निराधार आहे.

संहितांतील शालींच्या नामावलीत बोरा आढळत नाही. त्याचे गुण अनुमानानेच ठरवावे लागतात. हेमंतात पक्व होणारा म्हणून तो शालिवर्गातला. पिच्छिलत्वामुळे गुरु व कफकर मानणे युक्त. त्याच्या पिष्टाचे शर्करेत रूपांतर शीघ्र होते, म्हणून प्रमेही रुग्णास तो देऊ नये. शीघ्र शर्करा होणे म्हणजे लघुत्व, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. याउलट षष्टिक साठ दिवसांच्या सुमारास पक्व होतो; चरकाचार्यांनी त्यास स्निग्ध, अगुरु व त्रिदोषघ्न म्हटले आहे. त्याचे कार्य या गुणांवर अवलंबून आहे, चिकटपणावर नव्हे. सबब बोरा हा षष्टिकाचा प्रतिनिधी होऊ शकत नाही.

भेसळीची शंका आल्यास दाणा आडवा कापून छेदावर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. नवरा वा साधा तांदूळ निळा-काळा होतो, बोरासारखा चिकट तांदूळ तांबूस-तपकिरी. मात्र निळा रंग आला एवढ्यावरून माल षष्टिक ठरत नाही. त्यासाठी पीक किती दिवसांत कापले, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.