घोळणा आणि फुग्याची नळी

वैशाखाच्या उन्हांत आमच्या शिरूर कासार भागांत घोळणा फुटणें नवलाचें नाहीं. सिंदफणेचें पात्र आटतें, हवा रुक्ष होते, नाकांतील नाजूक त्वचा सुकते, आणि नखाचा किंचित् धक्का लागतांच रक्त वाहूं लागतें. अशा वेळीं घरची मंडळी मुलास उताणें निजवितात, टाळूवर पाणी ओततात, कांदा हुंगावयास देतात. हेतु चांगला, परंतु उताणें निजविल्यानें रक्त थांबत नाहीं, तें घशांत उतरतें. मुलास ओकारी येते, आणि रक्त दिसेनासें झालें म्हणून घरच्यांस मात्र उगाच समाधान वाटतें!

दोन नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागीं बारीक रक्तवाहिन्यांचें एक जाळें आहे. दहांपैकीं सुमारें नऊ वेळां रक्त येथूनच येतें. ही जागा बोटांच्या आटोक्यांत असल्यामुळें बोटें हेंच तिचें औषध. रोग्यास बसवावें, मान पुढें झुकवावी, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटींत घट्ट धरावा व तोंडानें श्वास घेण्यास सांगावें. वरचें हाड दाबून कांहीं उपयोग नाहीं. घड्याळ पाहून १० ते १५ मिनिटें चिमटी सोडूं नये. रक्त थांबलें काय, हें दर मिनिटास पाहण्याचा मोह फार वाईट. जमूं लागलेली गुठळी त्यानेंच मोडते.

कांहीं वेळां मात्र रक्त नाकाच्या अगदीं मागून येतें. वृद्ध माणसांत हें विशेष आढळतें. तेथें बोट पोहोंचत नाहीं. अशा वेळीं डॉक्टर औषधी जाळीदार कापडाची लांब पट्टी घडीवर घडी घालून नाकांत भरीत, अद्यापिही भरतात. पण त्यास वेळ लागतो व रोग्यास क्लेश होतात. म्हणून फुग्याची नळी निघाली.

ही नळी बोटाएवढीही जाड नसते. तिच्याभोंवतीं रिकामा फुगा चिकटलेला असतो. एका प्रकारांत फुग्यावर विणलेलें आवरण असतें. तें शुद्ध पाण्यांत अर्धा मिनिट भिजविलें कीं बुळबुळीत होतें, आणि गुठळी जमण्यासही साहाय्य करितें. डॉक्टर ती नळी वर कपाळाकडे न नेतां नाकाच्या तळावरून सरळ मागें सरकवितात, व सिरिंजनें हळूहळू हवा भरितात. फुगा फुगतो आणि रक्तवाहिनी चेपली जाते. चिमटीचेंच हें काम. केवळ बोट न जाणाऱ्या जागीं नेलेलें. कांहीं नळ्यांस दोन फुगे असतात, एक मागचा व एक पुढचा. तयार नळी नसेल तेथें लघवीसाठीं वापरावयाची फोलींची नळीही कामास येते. फ्रेडरिक फोली या अमेरिकन शल्यवैद्यांच्या नांवाची ही नळी १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आली.

फुगा एक ते तीन दिवस ठेवून मग हवा सोडितात. अधिक काळ किंवा अधिक दाब राहिल्यास आंतील त्वचा मरते. म्हणून हें काम दवाखान्यांतच व्हावें. घरीं नाकांत कांहींही खुपसूं नये.

आमच्या तालुक्यांतील पुष्कळ आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडणीस जातात, व मुलें आजीआजोबांपाशीं राहतात. आजोबांस रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, डोक्यास मार लागला असेल, रक्त घशांत उतरत असेल, घेरी येत असेल, अथवा अर्धा तास चिमटी धरूनही रक्त वाहत असेल, तर घरांत वाट पाहूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत नातवानें चिमटी सोडूं नये.