कमजोरीचं चूर्ण नको, दोघांची तपासणी करा

आमचे हे उसाच्या ट्रकवर. हंगामात वडीगोद्रीला घरी येणं कधीमधीच. असेच एकदा आले तेव्हा लघवीला जळजळ, चड्डीवर पिवळट डाग. ‘उष्णता झाली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. पुढे माझ्या अंगावरून जाऊ लागलं, ओटीपोट दुखायचं, हे जवळ आले की कळ निघायची. मी टाळू लागले, यांना वाटलं राग धरलाय. मग यांचंही जमेना. हायवेच्या कडेच्या तंबूतून ‘कमजोरी’चं चूर्ण आलं, पैसे गेले. तंबूवाल्याने नाडी धरली, पण डागाचं विचारलं नाही. असल्या औषधांच्या जाहिरातीवर 1954 पासून कायद्याने बंदी आहे. पाट्या मात्र रंगतातच.

आशाताईंनी जिल्हा रुग्णालयातल्या गुप्तरोगांच्या ‘सुरक्षा क्लिनिक’ची वाट दाखवली. तिथे तपासणी, औषध फुकट. डॉक्टरबाईंनी नीट उलगडून सांगितलं. परमा, क्लॅमिडिया यांसारखा संसर्ग बाईच्या गर्भाशयातून नळ्यांपर्यंत चढतो, म्हणून संबंधाच्या वेळी दुखतं. पुरुषाच्या प्रोस्टेटला सूज आली तर वीर्य पडताना दुखतं, लवकर पडतं, ताठरताही टिकेनाशी होते. वर भीती बसते ती वेगळीच.

मला औषधाचं पिवळं पाकीट मिळालं, यांना राखाडी. माझ्या गोळ्या 14 दिवसांच्या. तोंड कडू पडतं, तरी मध्ये सोडायच्या नाहीत. एकट्यानेच औषध घेतलं तर दुसऱ्याकडून रोग पुन्हा येतो. दोघांचे उपचार पुरे होईस्तोवर संबंध नको. एचआयव्ही आणि गरमीची रक्ततपासणीही करून घ्या. हा संसर्ग कुठून आला यावरून आमच्यात काय झालं ते लिहीत नाही. भांडायचंच तर औषध सुरू झाल्यावर भांडा.

बायका हे दुखणं अंगावर काढतात. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत बायका तपासल्या, तेव्हा 92 टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. हे 1989 साली छापून आलंय.

माझी कळ थांबली. यांची जळजळ गेली, पण ताठरतेची तक्रार काही दिवस उरली. तेव्हा डॉक्टरांनी रक्तातली साखर बघितली आणि आम्हा दोघांना समुपदेशकाकडे बसवलं. संसर्ग बरा झाल्यावरही तक्रार राहिली तर साखर, रक्तदाब आणि चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघणाऱ्यांनी हे सगळं दिवाळीच्या आत उरका, आणि निरोध बरोबर ठेवा. समोरासमोर विचारायला लाज वाटली तर 1097 या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पडत नाहीत.