पंचवटीत माहितीपट करताय? खर्च कुठे होतो, पैसे कुठून येतात

कॅमेरा विकत घेऊ नका. पहिल्या माहितीपटाचे पैसे सगळ्यात आधी इथेच अडकतात. निधी देणारे तुमचा कॅमेरा पाहत नाहीत, पाच मिनिटांचा नमुना पाहतात. तो भाड्याच्या सामानावर तीन दिवसांत होतो.

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. पण पर्वणीच्या गर्दीत पहिलाच माहितीपट करायला जाऊ नका. बंदोबस्तात हलता येत नाही आणि सगळ्या वाहिन्या तेच टिपत असतात. लहान विषय धरा. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. एवढ्या एका वहीवर अख्खा माहितीपट उभा राहील.

भाडं ठरवताना चार प्रश्न विचारा. दिवस म्हणजे किती तास? लेन्स, बॅटऱ्या, कार्डं धरून की वेगळी? सोबत येणाऱ्या अटेंडंटचा रोजचा भत्ता कोणाकडे? मुंबईहून सामान आलं तर येण्याजाण्याचा दिवसही मोजणार का? चांगल्या कॅमेऱ्याची नुसती बॉडी दिवसाला साधारण तीन ते पाच हजारांत मिळते. बाकीचं धरून आकडा सहज दुप्पट होतो आणि वर १८ टक्के जीएसटी. तोंडी सांगितलेल्या भावात तो बहुधा नसतो. चाळीस हजारांचं बिल ४७,२०० होतं. ध्वनिमुद्रकावर मात्र काटकसर करू नका. घाटावर भोंगे, घंटा, रिक्षा एकाच वेळी वाजतात. कॅमेऱ्यावरच्या माइकने घेतलेली मुलाखत पुढे कुठलाही स्टुडिओ दुरुस्त करू शकत नाही.

हार्डडिस्कचा खर्च जवळजवळ सगळेच विसरतात. १०० मेगाबिट वेगाने चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. चाळीस तासांचे झाले १.८ टीबी. दोन प्रती, दोन डिस्क, त्याही दोन वेगळ्या घरांत.

परवानग्या लेखीच घ्या. घाटासाठी महापालिकेचं पंचवटी विभागीय कार्यालय आणि पंचवटी पोलीस ठाणे. काळाराम मंदिरासाठी संस्थान. पांडवलेण्यांसाठी केंद्रीय पुरातत्त्व खातं. गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ एक खिडकी योजनेतून ऑनलाइन अर्ज घेतं, तिथे आधी पाहा. ‘मी काढून देतो’ म्हणणारा भेटेलच. सरकारी पावती दाखवेल तेवढेच पैसे द्या. नाशकात लष्कराची हवाई तुकडी आणि तोफखाना दोन्ही आहेत, म्हणून ड्रोनवाल्याला इसार देण्याआधी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा उघडा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिक परवाना लागत नाही, पण बंदी असलेलं क्षेत्र त्यालाही बंदच.

पावसाळ्यात भाड्याचं सामान असलेली गाडी घाटावर लावू नका. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की गोदाकाठचा वाहनतळ बघता बघता पाण्याखाली जातो. विमा कोणाच्या नावावर आहे, तेही विचारून ठेवा.

संमतिपत्र साध्या कागदावर, मराठीत, सहीसह चालतं. प्रत्येकाला स्टॅम्प नको. सहनिर्माता, छायाचित्रकार, संकलक यांच्याशी करार मात्र पाचशेच्या स्टॅम्पवर करा, मित्र असले तरी. नामावळीचं पान जवळून दाखवायचं तर उपाध्यायांची संमती पुरत नाही. त्या घराण्याचीही घ्या, नाहीतर नावं पुसट करा. दशक्रियेला बसलेल्या माणसाचं चित्रण विचारल्याशिवाय करूच नये. नंतर मिळालेल्या सहीने ते योग्य ठरत नाही.

मागे भोंग्यावर सिनेमाचं गाणं वाजत असेल तर थांबा. गाण्याचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात, परवानगी दोन्हींची लागते. फाळके त्र्यंबकचे, म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) दृश्यं घ्यावीशी वाटतील. त्याचा स्वामित्वहक्क संपलेला आहे. पण पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाकडून चांगली प्रत घ्यायची तर अर्ज, शुल्क आणि वेळ धरा.

संहितेची स्वामित्वहक्क नोंदणी ५०० रुपयांत होते, पूर्ण चित्रपटाची ५,००० रुपयांत. दोन्ही ऑनलाइन. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे. तिचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावरून ताबडतोब बाहेर पडा.

आता पैसे कुठून? बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले प्रस्ताव घेतं. मराठीतच लिहा, पण विषयाचं कलेशी थेट नातं हवं. फिल्म्स डिव्हिजन २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन आहे, तेव्हा प्रस्ताव मागवल्याच्या सूचना तिथे पाहा. कोलकात्याच्या डॉकएजमध्ये निर्मात्यांसमोर प्रकल्प मांडता येतो; प्रवेशशुल्क, प्रवास आणि मुक्काम आधी जोडून पाहा. ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड आशियातल्या दिग्दर्शकांना विकासासाठीही पैसे देतो, अर्ज इंग्रजीत. परदेशी पैसा खात्यात घेण्यापूर्वी सीएकडून परदेशी देणग्यांचा कायदा (एफसीआरए) तपासून घ्या. बातम्या आणि चालू घडामोडींचे दृक्‌श्राव्य कार्यक्रम करणाऱ्यांना परदेशी देणगी घेण्यास कायद्याने बंदी आहे. लोकवर्गणी काढलीत तर संकेतस्थळाचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी वजा करून उद्दिष्ट ठरवा. मराठी चित्रपटांचं शासकीय अनुदान बजेटात धरू नका.

चित्रपटगृह किंवा राष्ट्रीय पुरस्कार डोळ्यांसमोर असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतंच. परदेशी महोत्सवांची प्रवेशफी अनेकदा डॉलरमध्ये असते. नवोदितांना सवलत मिळू शकते, ईमेल करून मागा.

वेळेचा हिशेबही मोठा ठेवा. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगाववरचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ चा, चित्रपटगृहात आला २०१२ ला. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ला चौदा वर्षं लागली. म्हणून नोकरी लगेच सोडू नका, घरावर कर्ज काढू नका, आणि निधीच्या अर्जातल्या बजेटात स्वतःच्या मानधनाची ओळ पहिल्या दिवसापासून ठेवा.