वायफाय राऊटर घेण्यापूर्वी घरात येणारी तार पाहा

दुकानात जाऊन ‘एक चांगला मोडेम राऊटर द्या’ एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाच्या हाती पुष्कळदा निरुपयोगी डबा पडतो. पैसे जातात, खोके फोडलेले असल्याने दुकानदार माल परत घेण्यास कुरकुर करतो आणि घरचे इंटरनेट होते तिथेच राहते. आपल्याकडे तर घर आणि धंदा पुष्कळदा एकाच छपराखाली असतात. मालेगाव-भिवंडीत खाली माग आणि वर बिऱ्हाड, मुंबईच्या गल्ल्यांत पुढे शिवणयंत्रे आणि मागे चूल. गिऱ्हाईकाला मालाचे फोटो धाडणे, यूपीआयने आलेली रक्कम तपासणे, जीएसटीचे विवरणपत्र भरणे आणि मुलांचा अभ्यास हे सारे एकाच जोडणीवर चालते. सबब, खरेदीची सुरुवात दुकानापासून न करता घरात येणाऱ्या तारेपासून करावी.

मोडेम हा दुभाषा होय. तारेतून येणारा संदेश तो संगणकाला कळेल अशा रूपात आणतो. राऊटर ती जोडणी घरातील सर्व यंत्रांना वाटून देतो आणि वायफाय म्हणजे ही वाटणी बिनतारी करण्याची सोय. तिन्ही कामे एकाच डब्यात होऊ शकतात, पण दुभाषा त्या तारेची भाषा जाणणारा हवा. खरी फसगत होते ती इथेच.

बीएसएनएलने २००५ मध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा एडीएसएल मोडेम राऊटर हीच योग्य वस्तू होती. त्या पद्धतीत वेग फार तर २४ एमबीपीएस, आणि एक्स्चेंज जितके दूर तितका तो कमी. माल पाठवण्याचा, म्हणजे अपलोडचा वेग तर एक एमबीपीएसच्या आसपास. आज बहुतेक शहरांत तिची जागा काचेच्या तंतूने, म्हणजे फायबरने घेतली आहे. जुन्या मालाच्या बाजारात एडीएसएलचे डबे अजून स्वस्तात दिसतात. त्यांच्या पाठीवर टेलिफोनची छोटी खाच असते. फायबरला ते थेट जोडताच येत नाहीत.

फायबर घरात येते ते ओएनटी नावाच्या पेटीत. ही पेटी सहसा सेवा देणारी कंपनीच बसवते. तिचा क्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो, म्हणून बाजारातून तशीच पेटी आणून लावली तरी कंपनीने नोंद केल्याखेरीज ती चालू होत नाही. तिच्यावरील ‘लॉस’ हा दिवा लाल झाला तर प्रकाश पोचत नाही असे समजावे. अशा वेळी राऊटर बदलून काही साधत नाही, तार तपासून घ्यावी लागते. काचेची तार खिळ्याला करकचून बांधणे किंवा दाराच्या फटीत दाबणे हे तिच्या मुळावर येते. तिसरा प्रकार केबलवाल्याचा. तो गच्चीवरील किंवा जिन्यातील पेटीतून साधी लॅन तार घरात सोडतो. तिथे मोडेम लागतच नाही, ‘वॅन’ असे लिहिलेली खाच असणारा साधा राऊटर पुरतो.

आता कंपनीच्या पेटीतच वायफाय असेल, तर नवीन डबा घेण्याची घाई करू नये. पुष्कळ घरांत पेटी दाराच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे किंवा पत्र्याला खेटून लावलेली असते. स्लॅब, पत्रा, पाण्याची टाकी आणि मोठा आरसा हे वायफायचे वैरी आहेत. पेटी घराच्या मध्यावर, छातीच्या वर, मोकळ्या जागी आणून पाहावे. बसवणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून तार दहा-पंधरा फूट जास्त घेतली, तर पुढची निम्मी कटकट वाचते. एवढे करूनही मागल्या खोलीत किंवा खालच्या कारखान्यात वायफाय पोचत नसेल, तर पेटीपासून तिथपर्यंत लॅन तार ओढावी आणि दुसऱ्या टोकाला राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावावा. ही सोय असेल तर घरातील जुना राऊटरही चालतो. भिंतीच्या सॉकेटात खुपसण्याचे ‘रिपीटर’ स्वस्त पडतात खरे, पण त्यातले बरेच हवेतून घेऊन हवेतूनच पुढे देतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मी तरी तारेच्या बाजूने कौल देईन.

नवा राऊटर घेणे भागच असेल तर खोक्यावरील आकड्यांनी भुलू नये. ‘एसी १२००’ याचा अर्थ १२०० एमबीपीएस मिळतील असा नाही. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची ती फुगवलेली बेरीज आहे. एक मोबाईल एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो आणि तिथेही लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्या वेगावर समाधान मानावे लागते. २.४ चा पट्टा भिंतीपलीकडे लांब जातो, पण दाट वस्तीत शेजारपाजारचे सगळे राऊटर त्यावरच गर्दी करतात. ५ चा पट्टा वेगवान, मात्र भिंतीपुढे नांगी टाकणारा. दोन्ही पट्टे असलेलाच राऊटर घ्यावा, कारण स्वस्तातील बहुतेक वायफाय कॅमेरे आणि छपाईयंत्रे केवळ २.४ वर चालतात. अँटेना चार की सहा यावरून पारख करू नये.

ज्याकडे कोणी पाहत नाही ती गोष्ट म्हणजे तारेच्या खाचा. स्वस्त राऊटरच्या खाचा १०० एमबीपीएसच्याच असतात. २०० किंवा ३०० चा प्लॅन घेऊन असा राऊटर लावला, तर दर महिन्याला पैसे पूर्ण आणि वेग शंभराच्या आतच. म्हणून ‘गिगाबिट पोर्ट’ हे शब्द खोक्यावर वाचूनच पैसे द्यावेत. वायफाय ६ असलेला राऊटर आता आवाक्यात आला आहे. एका घरात वीस-पंचवीस यंत्रे जोडली जात असतील तर तो घ्यावा, चार मोबाईलांसाठी वायफाय ५ पुरेसा आहे.

पासवर्डचा विषय हसण्यावारी नेऊ नये. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईतील एका परदेशी रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून. त्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, तरी चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला. इंटरनेटवरील पत्त्यावरून तपास ग्राहकाच्या दारापर्यंत येतो, भिंतीपलीकडून कोणी वापर केला हे त्या पत्त्यात लिहिलेले नसते. म्हणून राऊटरमध्ये किमान डब्ल्यूपीए २, शक्य तर डब्ल्यूपीए ३ निवडावे. पेटीवर छापलेला मूळ पासवर्ड आणि आतील ‘ॲडमिन’चा पासवर्ड दोन्ही बदलावेत. ‘डब्ल्यूपीएस’ हे बटण बंद ठेवावे; त्यातील मोठा दोष २०११ मध्येच उघड झाला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या कारागिरांना, गिऱ्हाईकांना आणि शेजाऱ्यांना वायफाय देणे असेल तर राऊटरमधील ‘गेस्ट’ची वेगळी जोडणी द्यावी. हिशेबाचा संगणक आणि पाहुण्यांचे मोबाईल एका जाळ्यात नसावेत.

बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह मागावे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्याच्या वापरापुरती कराची वजावट मिळू शकते.

राहता राहिला भारनियमनाचा प्रश्न. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरील व्होल्टेज तंतोतंत जुळवावे, बहुधा ते १२ असते पण ९ व्होल्टचेही राऊटर आहेत. यूपीएसची अँपिअरची क्षमता अडॅप्टरवरील आकड्याइतकी किंवा अधिक हवी. फायबर असेल तर ओएनटी आणि राऊटर दोन्ही त्यावर ठेवावे लागतात. कंपनीचे फायबर सलग घरापर्यंत येत असेल तर वाटेतल्या फाटाफोडीला वीज लागत नाही, त्यामुळे गल्लीची वीज गेली तरी काम चालू राहू शकते. लॅन तार देणाऱ्या केबलवाल्याची गच्चीवरील पेटी मात्र विजेवरच चालते. तिला बॅटरी आहे काय, हे यूपीएसला पैसे घालण्याआधी त्याला विचारावे.